पहिलीत

गेल्या जूनमध्ये धुळ्याहून शिरपूरला येताना मी एसटीत खोटे बोलले. खोटे एका शब्दाचेच होते, पण वर्ष झाले तरी ते मनातून गेलेले नाही. सोनगीरच्या थांब्यावर भांड्यांची पोती घेऊन दोन माणसे चढली, गाडीत दाटी झाली आणि त्या दाटीतून वाट काढत कंडक्टर आमच्या बाकापाशी आले. माझ्या लेकीला तेव्हा सहावे संपून सातवे लागले होते, पण ती अंगाने बारीक असल्यामुळे लहान दिसते. "ताई, पोरगी कितवीला आहे?" असे त्यांनी विचारले. तिच्या वर्गाशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. ती पाचाच्या आतली की बाहेरची, तिचे तिकीट फाडायचे की नाही, एवढेच त्यांना ठरवायचे होते, आणि मुलाचे वय काढण्याची आपल्याकडची रीत हीच आहे. लेकीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पहिलीत." त्यांनी यंत्रातून माझे महिलांचे अर्धे आणि तिचे मुलांचे अर्धे अशी दोन तिकिटे काढून हातात ठेवली आणि ते पुढच्या बाकाकडे गेले.

नरडाणा मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेरच पाहत होती. पाऊस अजून पडला नव्हता. दोन्ही अंगांना वखरून तयार ठेवलेली काळी राने नुसती वाट पाहत पडली होती आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला त्या तापलेल्या मातीचा वास होता. सावळद्याच्या पुलावर गाडी आली, खाली तापीचे पाणी दिसले, तेव्हा मान न वळवता तिने विचारले, "आई, मी पहिलीत आहे?"

मी उत्तर दिले नाही.

आमची लेक कोणत्याच शाळेत नाही. गेली तीन वर्षे ती घरीच शिकते आहे, आणि हा निर्णय मी पूर्ण विचारांती घेतलेला आहे. त्याबद्दल भावकीत, माहेरी, दळण टाकायला गेले की गिरणीवर, मी अनेकदा ठामपणे बोलले आहे. मग एका अनोळखी माणसापुढे, ज्याला माझ्या उत्तराचे काहीच नव्हते, माझी जीभ का वळली? लग्नाच्या मांडवात नव्या माणसाला जसे "तुम्ही कोणाकडचे?" असे विचारतात, तसे लहान मुलाला "कितवीत?" असे विचारतात. उत्तर मिळाले की विचारणारा निर्धास्त होतो, कारण त्या माणसाला कुठे बसवायचे हे त्याला कळते. माझ्या लेकीला बसवायला लोकांच्या मनात जागा नाही, आणि ती जागा नाही हे तिला कळू नये म्हणून मी घाईघाईने एक खोटी जागा तिच्यासाठी धरली. खरे पाहता ती जागा मी माझ्यासाठी धरली होती.

मी डी.एड. आहे. भरती निघण्याची वाट पाहत तीन वर्षे एका विनाअनुदानित शाळेत शिशुवर्गावर शिकवले. चार वर्षांच्या मुलाची बोटे कशी असतात हे ज्यांनी ती रोज हातात धरली आहेत त्यांनाच ठाऊक. ती मऊ असतात, पेन्सिल धरली की नखाखालचा भाग पांढरा पडतो, आणि चौथ्या ओळीला मूल सगळा दंडच वळवू लागते, कारण मनगट अजून तयार झालेले नसते. हे मी अभ्यासक्रमात शिकले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि तरीही त्या मुठी माझ्या मुठीत धरून मी ओळींमागून ओळी गिरवून घेतल्या, कारण पालक वह्या पाहत आणि पाने भरलेली असली की त्यांना फी वसूल झाल्यासारखी वाटे. पुढे लग्न झाले, लेक झाली, आणि साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिलाही अशाच एका शाळेत घातले. घरी आम्ही अहिराणी बोलतो. वर्गात इंग्रजीतच बोलायचे, असा तिथला दंडक होता. लघवीला जायचे आहे हे तिला अहिराणीत चांगले सांगता येत होते, इंग्रजीत येत नव्हते, म्हणून तिने सांगितलेच नाही. दुपारी ती ओली चड्डी आणि त्यावर वाळलेला गणवेश अशी घरी आली. रडत नव्हती. तिचे ते न रडणे मला सहन झाले नाही. त्या आठवड्यात ती तीन वेळा तशी आली आणि चौथ्या दिवसापासून मी तिला पाठवले नाही.

डी.एड.ला ताराबाई मोडकांवर टीप यायची. 'कुरणशाळा' असा नुसता शब्द द्यायचे आणि खाली दहा ओळी लिहायच्या. १९४५ साली बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम त्यांनी आणि अनुताई वाघांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, वारली मुले गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली, आणि पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरवली, तीच अंगणवाडी. हे सगळे मी न अडखळता लिहीत असे आणि मला गुणही पूर्ण मिळत. पण शाळा मुलाच्या वाटेवर जाऊन बसते, मूल शाळेच्या वाटेवर ओढून आणायचे नसते, हा त्या टिपेचा अर्थ लेक घरी राहू लागल्यावर मला उमगला. आमच्याकडे कुरण नाही, पण शेणाने सारवलेले अंगण आहे, गोठा आहे, कपाशी आणि पपईचे सहा एकर बागायती रान आहे. तिने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'युरिया' होता. तो गोणीवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि ती रोज त्या गोणीवर बसत असे. दुसरा शब्द एसटीच्या पाटीवरचा 'शिरपूर'. वैशाखात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करायच्या वेळी तीन दिवस भिजत घातलेल्या ज्वारीचा आंबूस वास घरभर झाला, की तो वास कालच्यापेक्षा आज किती चढला हे तीच मला सांगते. कांडून शिजवलेला तो घाट ओल्या फडक्यावर थापताना तिच्या हाताखाली आधी तिळाचा दाणा येतो, मग लसणाची कच, आणि मधेच एखादी न कुटलेली मिरची, की ती हात झटकते आणि पुन्हा थापते. एका फडक्यावर पाच ओळी, ओळीत चार, फडकी तीन. एवढा गुणाकार तिने बोटे न मोजता केला त्या दिवशी मी तिच्याकडे पाहतच राहिले, कारण गुणाकार हा शब्द मी तोवर उच्चारलाही नव्हता.

सगळे दिवस असे नसतात. असेच असतात असे सांगणारे लोक मला भेटले आहेत आणि त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. कपाशीवर अळी पडलेली असते, फवारणीला माणूस मिळत नाही, मला रात्रीची झोप नसते, आणि 'ख' आणि 'रव' यांत ती सातव्यांदा घोटाळा करते, तेव्हा मी ओरडते. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत शिरते आणि बाईंची तक्रार करते. माझ्या लेकीने बाईंची तक्रार कोणाकडे करायची? ती उठून ओसरीवर आबांच्या शेजारी जाऊन बसते. ती बोलत नाही, आबाही बोलत नाहीत. शाळेची घंटा ही किती दयाळू गोष्ट आहे, ती वाजली की शिक्षिका आणि मूल दोघेही एकमेकांपासून सुटतात, हे मला नोकरीत असताना कधी जाणवले नव्हते.

आबा म्हणजे माझे सासरे. ते जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक होते. ३४ वर्षे नोकरी झाली, त्यातली पहिली ११ सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. अनेर नदीला पाणी असले की चपला हातात घेऊन, धोतर गुडघ्यावर खोचून ते पलीकडे जात. पोरांना मराठी येत नव्हते म्हणून आधी स्वतः त्यांची पावरी बोली शिकले. सकाळी शाळेचे कुलूप काढण्याआधी ते झोपडीझोपडीतून फिरत, झोपलेली पोरे उठवत, नाक पुसत आणि त्यांचा हात धरून त्यांना आणत. गावात आजही त्यांना 'गुरुजी' म्हणतात आणि तशी हाक मारणाऱ्यांत त्या पाड्यावरून शिकून ग्रामसेवक झालेला एक माणूस आहे. लेकीला शाळेतून काढली त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "लोकेस्ना पोरे हात धरी धरी शाळामा आनात, नि मन्ही नात घरमा." आवाज चढलेला नव्हता. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी काढला नाही आणि माझ्या शिकवण्याकडे कधी वळूनही पाहिले नाही; म्हणजे श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटाच्या नैवेद्यापर्यंत तरी.

श्रावणात, बसमधल्या त्या प्रसंगानंतर दोन महिन्यांनी, सासूबाई रोटाचे गहू काढत होत्या. आमच्या घरी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तान्ह्या मुलाच्या नावाचेही. सासूबाई मूठ भरून परातीत टाकत, मग चिमटीने वरचा पाव घालत आणि नाव घेत. भाऊबंद मिळून सात नावे झाली. लेक गुडघ्यांवर हात ठेवून पाहत बसली होती. "मन्ही मूठ काबर नही?" तिने विचारले. सासूबाई म्हणाल्या, रीत आहे. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने दुसराच प्रश्न काढला, की सव्वा सव्वा करत सात वेळा घातले तर सगळे मिळून किती झाले. मी मनात पाव आणि सात यांची जुळणी करू लागले आणि मला वेळ लागला. ओसरीवरून आबांचा आवाज आला, डोळे मिटलेले, वर्गात असायचा तसा हेल काढून: "एक सव्वा सव्वा, बे सव्वे अडीच, तीन सव्वे पावणेचार, चार सव्वे पाच..." सवायकी. ती मला कोणी शिकवली नव्हती; माझ्या पिढीला पावकी-निमकीसुद्धा ऐकून माहीत. लेक उठून त्यांच्यापाशी गेली. "सात सव्वे पावणेनऊ," आबा म्हणाले आणि थांबले. "नि मन्ही मूठ धरी तं?" आबांनी डोळे उघडले. "आठ सव्वे दहा."

सासूबाईंनी आठवी मूठ घातली नाही. रीत ती रीत, आणि त्या दिवशी मी त्यावर वाद घातला नाही, याचे मला अजून वाईट वाटते. पण संध्याकाळी आबांनी फळीवरून पाटी काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि नातीला जवळ बसवून घेतले. तेव्हापासून दुपारचा तास त्यांचा आहे. ते तिला हिशेब शिकवतात, आणि मधून मधून, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, पुढच्या वर्षी शाळेत गेल्यावर काय काय असते तेही सांगतात.

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली आणि दरवर्षीप्रमाणे सातपुड्यातल्या पाड्यांवरून पावरा कुटुंबे गावात उतरली. आमच्या रानात एक जोडपे आले, त्यांच्याबरोबर आठेक वर्षांची मुलगी आणि तिच्या काखेत तिचा भाऊ. आईबाप किलोवर कापूस वेचत. ही बांधावर बाभळीला बांधलेली झोळी हलवत बसे. माझी लेक तिच्याकडे जाऊ लागली. दोघी बोंडे मोजत, सरकी काढत, एकमेकींच्या बोलीतले शब्द विचारत. त्याच दिवसांत शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शाळेतले तरुण गुरुजी गावात फिरत होते. त्यांनी ओसरीवर बसून पाणी घेतले, आबांच्या पाया पडले आणि कागद काढला. आधी त्यांनी बांधावरच्या मुलीचे नाव लिहिले, वय, मूळ गाव, आणि कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर'. मग खालच्या ओळीत माझ्या लेकीचे नाव लिहिले. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबले. त्यांनी अत्यंत अदबीने मला विचारले, "ताई, इथे काय लिहू?"

मी पुष्कळ बोलू शकले असते. मातृभाषा, बोटांची वाढ, शिशुवर्गातल्या त्या वह्या. पण वरच्या ओळीतले नाव मला दिसत होते, आणि त्या नावाखाली यातला एकही शब्द लिहिण्यासारखा नव्हता. माझ्या लेकीच्या घरी राहण्याखाली माझे डी.एड. आहे, विहिरीचे पाणी आहे, आबांचे निवृत्तिवेतन आहे. तिला शाळा नको असे मी ठरवू शकले, कारण शाळा तिच्यासाठी उघडी होती आणि आहे. वरच्या ओळीतल्या मुलीने काहीच ठरवलेले नव्हते. तिचा भाऊ झोळीत होता आणि झोळी हलवायला दुसरे कोणी नव्हते. घरी शिकवणे हा लहान मुलांसाठी चांगला मार्ग आहे असे मी आजही मानते, पण त्या मार्गाची वाखाणणी करताना शाळेची गरजच काय असे जे बोलले जाते, ते त्या मुलीसमोर बोलून दाखवावे. मला तरी ते जमणार नाही. "पालक घरी शिकवतात," असे मी शेवटी सांगितले आणि त्यांनी तसेच लिहिले. आबा पूर्ण वेळ अंगणाकडे पाहत होते. गुरुजी गेल्यावर ते उठले, काठी घेतली आणि रानाकडे गेले. परत आले तेव्हा ती मुलगी आणि काखेतला भाऊ त्यांच्याबरोबर होते. वेचणी संपेपर्यंत सात आठवडे रोज संध्याकाळी अंगणात दोन पाट्या होत्या. आबा तिच्याशी पावरीत बोलत. २५ वर्षांनी ती बोली त्यांच्या तोंडात येताना मधे मधे अडत असे आणि ती मुलगी शब्द पुरवत असे. स्वतःचे नाव लिहायला ती शिकली. जाताना शाळेने तिला शिक्षण हमी कार्ड दिले, तिच्या आईने ते पदराच्या गाठीत बांधले. पुढे ते कोणत्या शाळेत दाखवले गेले का, ते मला कळलेले नाही.

कायद्याचे मला लोक नेहमी विचारतात, म्हणून एवढेच. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. मूल उशिरा आले तरी वयाला साजेशा वर्गात त्याला प्रवेश द्यावा लागतो. पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत, दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. वाटा बंद होत नाहीत, हे मी घरच्यांना पटवून दिले आहे. पण लेक सहा वर्षांची होण्याआधी मी जितकी निश्चिंत होते तितकी आता नाही, आणि त्याचे कारण कायदा नाही.

कारण खिचडी आहे. आमच्या गल्लीतली तिची मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. फेब्रुवारीत एका दुपारी लेक तिच्यामागे शाळेच्या फाटकापर्यंत गेली आणि आत व्हरांड्यात मांडी घालून बसलेली रांग पाहत उभी राहिली. मी तिला शोधत गेले तेव्हा पोरांच्या हातांवर पाणी घातले जात होते, ताटल्यांचा आवाज येत होता, खिचडीला मोहरीच्या तेलकट फोडणीचा वास होता, आणि ती फाटकाच्या गजाला दोन्ही हातांनी धरून होती. तिने विचारले, "मी फक्त जेवायला येऊ शकते का?" मुख्याध्यापकबाईंनी तिला आत घेतले, डोक्यावरून हात फिरवला, आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितले की शिधा पटावरच्या हजेरीप्रमाणे येतो. त्या दिवशी त्यांनी तिला रांगेत बसवले, स्वतःच्या डब्यातली पोळी दिली. मैत्रिणीने तिच्या पोळीवर आपली खिचडी वाढली. लेक इतके हळू जेवली की रांग उठली तरी ती बसलेलीच होती.

अक्षरे, पाढे, माती, पाऊस, बोली हे सगळे मी तिला देऊ शकते. रांग मी तिला देऊ शकत नाही. ओसरीवर दहा पोरे गोळा करून जेवू घातली तरी ती पंगत होते. आपल्या वयाच्या तीसजणांत आपलीही ताटली मांडलेली असणे हे वेगळे, आणि तिला तेच हवे होते. त्या रात्री मी आबांना सारे सांगितले. मला वाटले होते ते म्हणतील, टाक नाव. ते म्हणाले, "तिले इचार." मी अजून विचारलेले नाही. शाळा १५ जूनला उघडेल. प्रवेशाचा कागद मी आणून ठेवला आहे, तो धान्याच्या कणगीवर दगडाखाली आहे, आणि येताजाता ती तो पाहते.

मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा धुळ्याहून येत होतो. या वेळी गाडी रिकामी होती. सोनगीरच्या पुढे कंडक्टर आले, वेगळे होते, तिच्याकडे पाहून त्यांनी विचारले, "किती वर्षांची?" माझ्या पोटात उगाच गोळा आला होता, कारण मी दुसऱ्या प्रश्नाची तयारी करून बसले होते. "सात," तिने स्वतःच सांगितले. यंत्र वाजले, दोन तिकिटे आली. ती तिने हातात घेतली, त्यांवरची अक्षरे लावून पाहिली आणि मग कोणी विचारलेले नसताना, स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी घरी शिकते."

कंडक्टर तोवर पुढच्या बाकाकडे गेले होते.